पावतीपुस्तक घरी ठेवून जा

कार्यवाहपद घेतलंस, बरं केलंस. आता पहिलं काम देणगीचंच येणार. मागच्या इमारतीचे पत्रे गळतात, आणि वेतनेतर अनुदानाची वाट पाहत बसलास तर पुढची पिढीही भिजेल. परवा फोनवर म्हणालास, "बाई, मोठ्या लोकांकडे मागायचं म्हणजे जिवावर येतं." येऊ दे, सगळ्यांच्याच येतं. पण आपल्याला काय वाटतं याचाच विचार करत आपण त्यांच्या दारात जातो. समोर बसलेल्याला काय वाटत असेल, हे मनातही येत नाही. मुख्याध्यापिका असताना आणि नंतर विश्वस्त म्हणून मी पुष्कळ ओसऱ्या, पेढ्या आणि केबिनी पाहिल्या. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते. पटेल ते घे.

पैसेवाल्याकडे रोज कुणीतरी येतच असतं. गणपतीची वर्गणी, नवरात्र, सप्ताहाची पंगत, मंदिराचा जीर्णोद्धार, कबड्डीचे सामने, कुणाचं ऑपरेशन, कुणाची निवडणूक. आपणही त्याच रांगेत. फरक एवढाच, की वर्गणीवाल्या पोरांना तो पाचशे देतो ते कटकट नको म्हणून. आपण रिकाम्या हाताने परतलो तर त्याचं काही बिघडत नाही. दुकानासमोर ढोल वाजवायला आपण थोडेच जाणार आहोत? म्हणून शाळेला द्यायचं तर त्याला स्वतःचं काही कारण लागतं. ते कारण आपण छापील विनंतीपत्रात लिहून नेतो, 'ज्ञानदानाच्या पवित्र कार्यास' वगैरे, आणि तो ते पत्र वाचल्यासारखं करून टेबलाच्या काचेखाली सरकवतो.

कारण त्याच्याच पोटात असतं, ते त्याला बोलू दे. मार्केट यार्डातल्या एका आडत्यांकडे आम्ही संगणकांसाठी गेलो होतो. ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि मधेच म्हणाले, "मुली दुपारी पाणी कुठलं पितात?" आमच्यातला एकजण पुन्हा संगणकांवर यायला निघाला, त्याला मी हातानेच थांबवलं. मग कळलं, त्यांच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली, कारण शाळेत मुलींसाठी आडोसाच नव्हता. संगणक राहिले. मुलींची स्वच्छतागृहं आणि पाण्याची टाकी झाली, आणि टाकी धुतली जाते की नाही हे पाहायला ते अजून अधूनमधून चक्कर टाकतात. तेव्हा पहिल्या भेटीत पंचवीस टक्के तू बोल, बाकीचं त्यांना बोलू दे.

आता व्यासपीठाबद्दल, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते.

एका शाळेचं स्नेहसंमेलन. पाहुणे म्हणून गावातले बडे व्यापारी. शाल झाली, श्रीफळ झालं, पुष्पगुच्छ झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकाला जोर चढला आणि तो माईकवर म्हणाला, "आज शेठजी काही शाळेला तसेच सोडून जाणार नाहीत!" टाळ्या. मी शेठजींच्या शेजारच्या खुर्चीत होते. चेहऱ्यावरचं हसू जसंच्या तसं होतं, पण मांडीवरच्या नारळाची शेंडी ते बोटांनी उपटत होते, एकेक धागा. मग उठले आणि एक लाख एक हजार जाहीर केले. पुन्हा टाळ्या. त्यातला रुपयाही कधी आला नाही, आणि नंतर त्या शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला ते फिरकले नाहीत. संस्थेतले लोक अजून म्हणतात, माणूस शब्दाचा पक्का नाही. अरे, तो शब्द त्यांचा होता कुठे?

चारचौघांत मागितलं की श्रीमंत माणूस कात्रीत सापडतो. नाही म्हणावं तर कंजूष, कमी बोलावं तर अब्रू जाते, जास्त बोलावं तर घरी बायको आणि भाऊ विचारतात. त्या क्षणी तो आकडा बोलतो तो फक्त सुटका करून घ्यायला. म्हणून माईकवर फक्त खात्यात जमा झालेल्या पैशाचा उल्लेख करायचा, आणि तोही देणाऱ्याला आधी विचारून. आणि सत्कार करून लगेच मागू नकोस. पन्नास रुपयांचा नारळ कशासाठी हातात पडला, हे त्याला खुर्चीत बसतानाच कळलेलं असतं.

पावतीपुस्तक पहिल्या भेटीला नेऊ नये. का, ते प्रत्यक्ष बघशील तेव्हा पटेल. पुस्तक दिसलं की तो हात पुढे करतो आणि मागच्या स्थळप्रती चाळायला लागतो. चुलतभावाने किती दिले, समोरच्या दुकानाने किती. ५००१ दिसले की त्याचा आकडा तिथेच ठरला. चुरस असेल तर ५५०१. तो खरं तर एका अख्ख्या खोलीचा खर्च उचलायला तयार होता का, हे मग देवालाही कळायचं नाही. यात लबाडी नसते. जास्त दिले तर 'मिरवतोय' म्हणतील आणि कमी दिले तर 'चिक्कू' म्हणतील, या दोन्हींची त्याला भीती असते. पैसा असला म्हणून लोक काय म्हणतील हे सुटत नाही, उलट वाढतं.

'यथाशक्ती द्या' हे तर बोलूच नकोस. आपल्याला वाटतं ते नम्रपणाचं आहे. त्याला ते कोड्यात टाकणारं वाटतं, कारण मग आपल्या मनातला आकडा त्याने ओळखायचा. जन्मभर व्यापार केलेला माणूस. भाव न सांगता माल पुढे करणाऱ्याचा त्याला संशय येतो. तीन कोटेशनं घेऊन जा. पत्रे किती, अँगल किती, मजुरी किती, एका खोलीला किती पडतात, ते एका कागदावर. विश्वस्तांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी किती जमवले तेही त्याच कागदावर. मग सरळ विचार, "एक खोली तुम्ही घ्याल का?" आणि गप्प बस. ती शांतता आपल्या लोकांना सोसत नाही. लगेच कुणीतरी म्हणतो, "नाही जमलं तरी काही हरकत नाही हं," आणि त्याला आयती वाट मिळते. त्याला विचार करू दे. पंखा बघेल, फोन बघेल, मुनिमाला हाक मारेल. मारू दे.

त्याने विचारलं, "तुमचे स्वतःचे किती?" तर उत्तर तयार हवं. हा प्रश्न सगळे विचारत नाहीत, पण मनात सगळ्यांच्या असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचं घे, १९१९ साली काल्याला स्थापन झालेली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. घराघरातल्या बायका जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून मुष्टिफंडात घालत. अशा माणसाला धनिकाच्या दारात अवघडायचं काही कारण नव्हतं, आणि धनिकालाही हा आपलाच खिसा बघायला आलाय असं म्हणता येत नव्हतं. तू मंगळसूत्र मोडू नकोस, तुझ्या बायकोला ते चालणारही नाही. पण यादीत तुझं आणि सगळ्या विश्वस्तांचं नाव वर हवं, आकडा लहान असला तरी.

वेळेचं भान ठेव. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नकोस. भवानी व्हायच्या आधी पैसे मागणारा माणूस कुणालाच नको असतो. दिवेलागणीलाही नको, पुष्कळ घरांत त्या वेळी लक्ष्मी बाहेर देत नाहीत. आपला विश्वास असो नसो, त्यांचा असतो. द्राक्षवाल्याकडे माल निघून पैसे हातात पडल्यावर, ऊसवाल्याकडे बिलाचा हप्ता जमा झाल्यावर. डॉक्टरकडे ओपीडी चालू असताना गेलास तर बाहेर बसलेले पेशंट तुलाही शिव्या देतील आणि त्यांनाही. आणि प्रवेशाच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, कुठल्याही पालकाकडे देणगीचा विषयसुद्धा काढायचा नाही. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा आपल्या राज्याचा कायदा १९८७ चा आहे, वर २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. पण कायदा बाजूला ठेव. ज्या बापाला एकदा वाटलं की आपल्या पोराच्या प्रवेशासाठी पैसे काढले, तो पुढे कितीही मोठा झाला तरी त्या शाळेला स्वखुशीने दमडी देत नाही. असे दोन उद्योजक मला माहीत आहेत. शाळेचं नाव निघालं की अजून त्यांचा चेहरा बदलतो.

श्रीमंताच्या श्रीमंतीबद्दल आपले अंदाज बहुतेक चुकतात. गाडी दिसते, तिचा हप्ता दिसत नाही. बंगला असतो तो बँकेकडे तारण. माल उधारीवर गेलेला असतो आणि वसुली अडकलेली. बागायतदाराला एक गारपीट पुरते. हे त्याला रात्रंदिवस ठाऊक असतं, म्हणून "तुम्हाला काय कमी आहे!" हे वाक्य त्याच्या कानाला फार झोंबतं. प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले ते १८६४ साली, कापसाच्या तेजीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले कितीतरी धनिक बुडाले, त्यात प्रेमचंदही. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली. देणगी दोन वर्षं लांबली असती तर त्यांच्या आईच्या नावाचा मनोरा मुंबईला दिसला असता की नाही कोण जाणे. तेव्हा होकार मिळाला की काम लांबवू नकोस. आठवड्याच्या आत पत्रेवाला छतावर चढलेला दिसला पाहिजे. देणाऱ्यालाही बरं वाटतं, नाहीतर आपले पैसे संस्थेच्या खात्यात नुसते पडून आहेत अशी शंका डोकं वर काढते.

नकार ओळखायला शीक. "बघू" म्हणजे नाही. "दिवाळीनंतर या" म्हणजे अर्धं नाही; दिवाळीनंतर एकदाच जायचं. "मुलाशी बोलतो" याला मात्र लोक उगाच बहाणा समजतात. पुष्कळ घरांत सह्या आता मुलाच्या आणि सुनेच्या चालतात, आणि म्हाताऱ्याला ते चारचौघांत सांगायचं नसतं. तिथे "मग आपण सगळे मिळूनच बसू या का?" असं विचारावं. सून पुण्या-मुंबईची शिकलेली असली तर हिशेब तीच विचारेल, आणि पैसेही बहुतेक वेळा तीच मंजूर करेल. नकार मिळाला तर चहा पिऊन, चार गोष्टी बोलून उठ. नाही म्हटल्यावर आपलं तोंड कसं होतं ते तो बारकाईने बघत असतो. पुढच्या वेळी देतो तो त्या आठवणीवर.

आता नावाच्या पाटीबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्या शाळांमध्ये छताच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात रंगवलेलं असतं. लाईट गेली की वाचता येतं. त्याला हसू नकोस. ज्याने तो पंखा दिला, त्याच्या आईचं नाव त्याआधी कुठेच लिहिलेलं नव्हतं, ना सातबाऱ्यावर, ना दारावर. नाव मागणारे सगळे मिरवणारे असतात हा शिक्षकी पेशातल्या लोकांचा अहंकार आहे. आपल्याला फळ्यावर रोज नाव लिहायला मिळतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. कर्व्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. एवढी मोठी देणगी पदरात असूनही १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते जगभर फिरायला निघाले, लोकांपुढे काम मांडायला आणि फंड गोळा करायला.

उलट गोष्ट भाऊरावांची सांगतात. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजसाठी कुणी धनिक मोठी रक्कम घेऊन आला, अट एकच, शिवाजी महाराजांचं नाव काढून आपलं द्यायचं. भाऊराव म्हणाले म्हणे, एक वेळ बापाचं नाव बदलीन पण हे बदलणार नाही. गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी थोडी वेगळी होते, पण भाऊराव तसेच होते. तुला यातून घ्यायचं ते एवढंच, की कुठलं नाव द्यायचं आणि कुठलं नाही हे घरातून निघण्याआधी विश्वस्तांच्या बैठकीत ठरवून, इतिवृत्तात लिहून घे. खोलीला नाव चालेल, वाचनालयाला चालेल, शाळेला नाही, असं काहीतरी. समोर बसल्यावर ठरवायला लागलास तर घासाघीस होते, आणि मग त्याला वाटतं आपण नाव विकत घेतोय. हा अपमान देणाऱ्याचाही आहे.

काहींना नाव अजिबात नको असतं. तिथे आग्रह करू नकोस. कुणाच्या भाऊबंदकीचा खटला चालू असतो, कुणाला माहीत असतं की पाटी लागली की दुसऱ्या दिवशी दारात आणखी दहा संस्था. अहवालात 'एक हितचिंतक' लिही आणि तोंड बंद ठेव, शिक्षक खोलीतसुद्धा.

देणगीच्या बदल्यात पुतण्याला शिपाई म्हणून लावा, भाचीला घ्या, असंही कानावर येईल. सगळे तसे नसतात, पण असतात. तिथे "नंतर बघू" म्हणायचं नाही. हसून, पण तिथल्या तिथे सांगायचं की हे दोन विषय आपण एकत्र करत नाही. पैसे गेले तरी चालतील.

पैसे आल्यावर आपण जे वागतो, त्याने माणसं खरी दुखावतात. पावती दिली, फोटो काढला, संपलं. पुन्हा तोंड दाखवतो ते पुढच्या मागणीला. एका बिल्डरांनी मला सरळ विचारलं होतं, "बाई, काही न मागता कधी येता का हो तुम्ही लोक?" वर्षातून एकदा तसं जा. बिलांच्या झेरॉक्स, कामाचे फोटो, उरलेले पैसे कुठे वापरले, सगळं एका पानात. दहावीचा निकाल लागला की सांगायला जा, पण पेढ्यांचा मोठा पुडा नको; पेढे कुणाच्या पैशातले, हा हिशेब त्याच्या डोक्यात होतोच. मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घेणार असशील तर फळ्यावर मजकूर लिहून देऊ नकोस. चाळीस पत्रांत चाळीस वेळा 'आपण आमच्यासाठी देवासारखे आहात' वाचून माणूस ओशाळतो. आणि ते येतील तेव्हा पोरांना रांगेत उभं करून पाया पडायला लावू नकोस, हात जोडून सांगते. यातले बरेच लोक स्वतः फाटक्या चड्डीत शाळेत गेलेले आहेत. त्यांना ते बघवत नाही.

कराचं थोडक्यात. ८०जीचं आमिष दाखवून मागू नकोस. नव्या करप्रणालीत गेलेल्याला ती सवलत मिळतच नाही, आणि दोन हजारांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत. चेक किंवा बँकेतूनच घे आणि देणगीचं प्रमाणपत्र वेळेत पाठव. मागे लागून प्रमाणपत्र मागावं लागलेला दाता दुसऱ्यांदा येत नाही. कंपन्यांचं वेगळं. तिथे माणसाच्या मनापेक्षा फाईल मोठी. सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार असल्याशिवाय तिकडे जाऊच नकोस.

अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकण्याआधी थांब. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं, त्याचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात, ओसीआय कार्ड असलं तरी आणि तो आपल्याच गल्लीतला असला तरी. त्याला एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. आपल्याकडे दोन्ही नाही. भारतीय पासपोर्ट असलेला आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणारा त्यात येत नाही. म्हणून आधी पासपोर्ट विचार, मग पैसे. हौसेने हो म्हटलेल्याला महिन्याभराने 'तुमचे चालत नाहीत' असं कळवलं, तर त्याला वाटतं शाळेनेच आपल्याला परकं केलं.

तिसरं कोटेशन आलं की मला पाठव. यार्डात मी तुझ्याबरोबर येते, तिथे माझी ओळख आहे. बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडे मात्र तू एकटाच जा. तो माझा विद्यार्थी. माझ्यासमोर त्याला नाही म्हणता येणार नाही, आणि तसला होकार मला नको.